माती किती वाजता ठेवायची?

आमच्या भागात माणूस गेला की पहिला फोन मुलाला जातो आणि दुसरा मला. मी डॉक्टर नाही, भटजी नाही, सरपंच तर नाहीच नाही. विट्याच्या एसटी स्टँडजवळ विमानाची तिकिटं काढून देणारी मी एक बाई. आता दुकान सुनेच्या हाती दिलंय आणि मी मागच्या खुर्चीवर बसून तिला नको ते सल्ले देत असते. पण हा दुसरा फोन मात्र अजून माझ्याच मोबाईलवर येतो.

फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो. तिकीट केवढ्याला, असं त्या वेळी कुणी विचारत नाही. ‘ताई, माती किती वाजता ठेवायची?’ असं विचारतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अंत्यविधीला आमच्याकडे माती म्हणतात, मग ते दहन का असेना. मातीला जायचं असतं, माती आटोपायची असते, आणि पोटच्या मुलाची मातीला गाठ पडली नाही, तर ते गावात पुढं कितीतरी वर्षं बोललं जातं.

हा प्रश्न तिकीटवाल्या बाईला का, ते समजायला आमचा मुलूख समजला पाहिजे. खानापूर, आटपाडी, तासगावचा पूर्वभाग, आणि साताऱ्याकडचे खटाव-माण, हा सगळा कमी पावसाचा पट्टा. इथली माणसं दोन-तीन पिढ्यांपासून सोनं गाळायला बाहेर पडली. जुने दागिने वितळवायचे आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढून द्यायचं, या धंद्याला गलाई म्हणतात. कोईमतूर घ्या, कोलकाता घ्या, लखनौ घ्या. सराफ बाजारातल्या एखाद्या बोळात शिरलात की भट्टीसमोर बसलेला माणूस हमखास आमच्याकडचा निघतो. मुलं तिकडं आणि म्हातारी माणसं इकडं, अशी आमची घरटी वाटणी झाली आहे.

पूर्वी रेल्वे होती तेव्हा कुणी कुणासाठी थांबत नसे. मुलगा येईपर्यंत दहावा यायचा, आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावत नव्हतं. विमान आलं आणि थांबणं सुरू झालं. पोरगा पोचू शकतो म्हटल्यावर त्याच्याशिवाय उचलायचं कसं? मग वेळ ठरवायची. ती वेळ पै-पाहुण्यांना कळवायची, व्हॉट्सअॅपवर टाकायची. एकदा टाकली की दहा गावच्या जीपगाड्या त्या वेळेला दारात येऊन उभ्या राहतात. म्हणून वेळ सांगणारं माणूस खात्रीचं लागतं, आणि ते काम कधी माझ्या गळ्यात पडलं ते मलाही नीटसं आठवत नाही.

या धंद्यात मी एक गोष्ट फार लवकर शिकले. विमान हवेत किती वेळ असतं, याला प्रवासात सगळ्यात कमी किंमत आहे. मी फोनवर मुलाला पहिलं विचारते, ‘तुम्ही आत्ता कुठं उभे आहात?’ तिथून मोजायला सुरुवात. दुकानाचं शटर ओढायचं, घरी जाऊन कपडे भरायचे, विमानतळ गाठायचा. विमान सुटायच्या बऱ्याच आधी तिथली खिडकी बंद होते, मग कितीही गयावया करा. मधल्या शहरात विमान बदलायचं असेल तर तिथं बसून राहायचं. शेवटी पुण्याहून किंवा कोल्हापूरहून गाडी करून गाव. हे सगळं जोडलं की मग माझा आकडा तयार होतो, आणि त्यावर मी थोडा वेळ माझ्या मनानं चढवते. तो कशासाठी ते सांगत नाही. धुकं असतं, पाऊस असतो, कधी काहीच नसतं आणि तरी उशीर होतो.

शिवाय वारा असतो. वर आभाळात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, विशेषतः थंडीत. त्यामुळं पुण्याहून आसामला जाताना विमान लवकर पोचतं आणि येताना तेच अंतर जास्त वेळ खातं. विट्यातल्या एका गुरुजींना हे काही केल्या पटेना. अंतर तेच, विमान तेच, मग वेळ वेगळी कशी? मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही सायकलवरून शाळेत जाता तेव्हा रोज सारखाच वेळ लागतो का? त्यांनी सायकल सोडून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं ते नुसते हसले.

गिऱ्हाईकं एकेक अशी की सांगता सोय नाही. आटपाडीकडचे एक धनगर बाबा आले होते. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, मुलगा फौजेत, पोस्टिंग जम्मूला. मुलानं बापाला बोलावलं होतं. बाबांनी घोंगडं खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि विचारलं, “पोरी, किती मुक्कामावर हाय ते?” त्यांच्या हिशेबात अंतर म्हणजे मुक्काम. मी म्हटलं, “बाबा, एकही मुक्काम नाही. सकाळी पुण्यात बसायचं, संध्याकाळच्या आत मुलाच्या घरी.” त्यांचा विश्वास बसला नाही, पण गेले. परत आल्यावर मुद्दाम दुकानात आले आणि मला म्हणाले, “मदला मुलूख गेला कुटं? ना कुटं पानी बगितलं, ना चारा. आसं गेल्यावर पोचल्यागत वाटतच न्हाई बग.” मला वाटतं, विमानप्रवासाबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात खरं बोलणं तेच.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. गेल्या उन्हाळ्यातली. माणसं अजून आहेत, म्हणून नावं बदलते.

सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं, सून झाडत होती. घाटमाथ्यावरच्या एका गावातून आबांचा फोन आला. आबा म्हणजे त्या भावकीतले सगळ्यात वडील.

“ताई, आमची वैनी गेली पहाटं. संपताचं तिकीट काडा. माती दोनला ठिवलीया.”

संपत म्हणजे त्या वहिनींचा एकुलता एक मुलगा. तो आसामात दिब्रुगडला असतो हे मला माहीत होतं, कारण त्याची तिकिटं मीच काढते.

“आबा, दोन म्हणजे उद्या ना?”

“उद्या कशाला? आजच की. चार तासाचं तर हाय. आत्ता निगाला तर बारापतूर उतरंल, वर दोन तास गाडीला धरल्यात.”

“चार तास तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आवं, साऱ्या गावाला म्हाईत हाय.”

मला रागच आला. मोबाईलवर बघितलं असणार, असं मी धरून चालले. हल्ली कुणालाही विचारा, मोबाईल पुढं करतो. जगातल्या कुठल्याही दोन गावांची नावं टाका, मधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ लगेच हजर. सांगली ते दिब्रुगड टाका, तेही सांगतो. नकाशावर दोरी धरल्यासारखी सरळ रेघ ओढतो आणि विमानाच्या वेगानं भागतो. सांगलीहून विमान सुटतं का, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. आमच्या सांगलीला विमान बघायचं तर मान वर करावी लागते, बसायचं तर पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. तो आकडा खोटा नसतो, पण त्या रेघेवरून आजवर कुणी प्रवास केलेला नाही.

आबांना म्हटलं, “पाहुण्यांना थोडं थांबायला सांगा. मी संपतशी बोलते आणि तुम्हाला फोन करते.”

“फोन गेल्यात सगळ्यांस्नी.”

“मग परत करा.”

आबांना असं कुणी बोलत नसावं. त्यांनी फोन ठेवला.

संपतला फोन लावला. कुठं उभे आहात, विचारलं. दुकानातच, म्हणाला, भट्टी विझवून बसलोय. आवाज रडून बसलेला होता. मी बोलता बोलता कॉम्प्युटरवर बघत होते. दुपारी दिब्रुगडहून कोलकाता, तिथं संध्याकाळ उलटेपर्यंत बसायचं, मग पुणे, आणि पुण्यातून गाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर घरी. जागा होत्या, पण मोजक्याच. बायको-मुलं मागून दहाव्याला आली असती. मी म्हटलं, “संपतराव, आज काही होत नाही, पण उद्या सकाळी नक्की पोचता. मी जागा धरते.”



तो म्हणाला, “ताई, एक ऐकशीला? गावात सांगा की इमान न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई, काय बी सांगा. त्यांनी उरकून घ्यावं.”

“असं कसं सांगू? विमान आहे की.”

“तुमी सांगितल्यालं सगळी ऐकत्यात. माज्यासाटनं आईला ताटकळत ठिवू नका. जित्तेपणी काय कमी ताटकळली का ती?”

त्याची दोन दिवाळ्यांची तिकिटं मीच काढली होती आणि दोन्ही वेळा मीच रद्द केली होती. दिवाळी आणि लग्नसराई हेच गलाईवाल्यांच्या कामाचे दिवस. सगळं गाव घरी यायला बघतं तेव्हा बाजार त्यांना सोडत नाही. दोन्ही वेळा तो फोनवर म्हणाला होता, पुढच्या खेपेला नक्की. तिकीट रद्द करताना कारण विचारायची आमच्याकडं पद्धत नाही, आणि मी ती कधी मोडलेली नाही. त्या क्षणी मला त्याची चीडही आली आणि फार कीवही आली. आईला तोंड दाखवायचं धाडस त्याच्यात राहिलं नव्हतं, आणि ते बोलून दाखवायचंही नव्हतं.

त्याचं ऐकणं सोपं होतं, हे कबूल केलं पाहिजे. नाही म्हणून सांगितलं असतं तर माती दोनला झाली असती, कुणी मला दोष दिला नसता. हो म्हटलं तर मे महिन्याच्या उन्हात एक रात्र घरात देह ठेवायचा. विट्याहून थंड पेटी न्यायची, दिवे जातात तिथं जनरेटर न्यायचा. पाहुणे परत पाठवायचे आणि उद्या पुन्हा बोलवायचे. एवढं करून कोलकात्याचं विमान रखडलं, तर सगळं गाव माझ्या नावानं खडे फोडणार. आणि ज्याच्यासाठी हे करायचं, तोच नको म्हणत होता.

मी आधी जागा धरून टाकली. थांबले असते तर ती हातची गेली असती. मग पुन्हा गावी फोन लावला. आबांना म्हटलं, सुनंदाला द्या. सुनंदा ही संपतची मोठी बहीण, गावातच दिलेली. आईचं सगळं तीच बघायची. औषधांपासून आंघोळीपर्यंत.

मी काहीही हातचं न राखता तिला सांगितलं. विमान आहे, तो उद्या सकाळी पोचतो, पण उशीर होणारच नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. आणि तुझा भाऊ मला असं असं सांगायला सांगतोय. माझ्यानं खोटं सांगवत नाही. आता तू ठरव.

मागं बायकांचं रडणं ऐकू येत होतं. सुनंदा बाजूला गेली असावी, कारण तो आवाज लांब गेला.

“ताई,” ती म्हणाली, “आईला वाट बगायची सवं हाय. एका रातीचं तिला काय बी वाटायचं न्हाई. पर ह्यो जर आत्ता आला न्हाई, तर ह्येला जलमभर झोप लागायची न्हाई. येऊ द्या त्येला. आबांस्नी मी सांगती.”

मी संपतला फोन करून एवढंच म्हटलं, “अक्का म्हणतेय ये. तिकीट मोबाईलवर पाठवलंय. आता निघा.” तो निघाला.

आबांनी वेळ बदलली, पण मनापासून नाही. पाहुण्यांमध्ये कुरकूर झालीच. चार तासाचं विमान आणि एक दिवस कसा लागतो, असं एकानं मला फोन करून विचारलंही. मी त्याला सगळा हिशेब सांगत बसले नाही. कोलकात्याहून विमान थोडं उशिरा सुटलं. माझ्या मनानं चढवलेला वेळ तिथं कामी आला.

मी सहसा गिऱ्हाइकांच्या घरी मातीला जात नाही. गेले तर महिन्यातले निम्मे दिवस तिकडंच जातील. पण त्या दिवशी सकाळी सुनेला म्हटलं, तू दुकान उघड, मी जाऊन येते. गाडी दारात आली तेव्हा मी अंगणात बायकांत बसले होते. संपत उतरला. हातात पिशवीसुद्धा नव्हती. सुनंदा पुढं झाली, त्याचा हात धरून त्याला आईपाशी नेलं आणि पेटीवरचं काचेचं झाकण स्वतः बाजूला केलं. तो आईच्या तोंडावर तोंड ठेवून रडला. आबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, “बरं झालं थांबलो.” माझ्या इतक्या वर्षांच्या या धंद्यात ना पगार ना पेन्शन, पण आबांचं ते वाक्य मी पेन्शनच समजते.

दहावा-बारावा उरकल्यावर भाऊ-बहीण दोघं दुकानात आले. संपतला बायको-मुलांसह परतीची तिकिटं हवी होती. सुनंदा त्याच्याबरोबर विट्यापर्यंत आली होती. डोक्याचा गोटा केलेला संपत एकदम लहान दिसत होता. सुनेनं चहा मागवला. तिकिटं होईपर्यंत बोलायला काहीतरी हवं म्हणून, आणि खरं सांगायचं तर अजून मनात होतं म्हणून, मी सुनंदाला विचारलं, “त्या दिवशी चार तास कुणी काढलं गं? मोबाईलवर बघितलं होतं ना?”

सुनंदानं कप खाली ठेवला.

“मीच बगितलं हुतं, पर त्या दिवशी न्हवं. लय वर्सं झाली. ह्यो पयल्यांदा दिब्रुगडला गेला तवा आई लय रडायची. देशाच्या टोकाला ग्येलं माजं पोरगं, म्हनायची, आता कवा दिसायचं. मग मी पोराच्या मोबाईलवर बगून सांगितलं, आई, इमानानं चार तास लागत्यात. ती म्हनली, आगं, मग जवळच हाय की. मला सांगलीच्या दवाखान्यात जाऊन यायला त्यापरास जास्ती वेळ लागतो. तवापासनं रडायची थांबली. नळावर, देवळात, जी भेटंल तिला सांगायची, माजा संपत चार तासावर हाय. साऱ्या गावाला पाट झालं हुतं ते. आबांनी बी तिचंच धरलं.”

मी संपतकडं बघितलं नाही. कॉम्प्युटरकडं बघत राहिले. पडद्यावर त्याची तिकिटं तयार होती.

संपत म्हणाला, “चार तासात न्हाई गं येता येत, आक्का. तुला ठावं हुतं की.”

“हुतं की,” सुनंदा म्हणाली. “पर तिला कसं सांगू, तू लांब हाईस म्हनून?”